गांवोगांवचा गुरु

२०२५ सालच्या दिवाळीला अजून आठवडा अवकाश होता. आमच्या चांदूर बाजारच्या घरीं माजघरांत अनारशांच्या पिठाची परीक्षा चालली होती, आणि ओसरीवर घरांतील चार मुलें एका मोबाइलभोवतीं डोकीं जुळवून बसलीं होतीं. १४ ऑक्टोबरचा तो दिवस. मडगांवच्या फातोर्डा मैदानावर भारत आणि सिंगापूर यांच्यामधील फुटबॉलचा सामना चालू होता. ह्या खेळांतील मर्म प्रस्तुत लेखकास फारसें कळतें असें नाहीं. परंतु घरांतील मुलें ज्या गोष्टीवर जीव टाकतात तिची निदान तोंडओळख तरी वडील माणसांनीं करून घ्यावी, असें माझें मत असल्यामुळें मींही आपली खुर्ची जरा जवळ ओढली. चौदाव्या मिनिटास भारतानें गोल केला तेव्हां ओसरी दणाणली. मध्यंतराच्या तोंडाशीं सिंगापुरानें बरोबरी साधली तेव्हां ती शांत झाली. आणि उत्तरार्धांत दुसरा गोल चढल्यावर माजघरांतील झाऱ्याचा आवाजही स्पष्ट ऐकूं येऊं लागला. भारत २-१ नें हरला, आणि त्याबरोबरच २०२७ च्या आशिया चषक स्पर्धेचें दार आपणांस बंद झालें.

माझा नातू चौदा वर्षांचा आहे. मोबाइल पालथा ठेवून तो म्हणाला, "आजोबा, या कोचला आधी काढलं पाहिजे."

त्या एका वाक्यानें त्या रात्रीं माझी झोंप उडाली. कारण तें वाक्य मीं पूर्वीं एकदां ऐकलें होतें, आणि ऐकून गप्प बसलों होतों. तो प्रसंग मी पुढें सांगणारच आहें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं नातवास इतकेंच विचारलें, "ज्याला काढायचं म्हणतोस, तो माणूस कोण, कुठला, हें तुला ठाऊक आहे काय?" त्याला नांव ठाऊक होतें, त्यापलीकडे थोडेंच. मग दिवाळीच्या सुटींत आजोबा आणि नातू अशा आम्ही दोघांनीं मिळून ती माहिती जमविली. ती मला इतकी बोधप्रद वाटली कीं, आपल्यासारख्या घरांतून ती वाचली जावी, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

* * *

ह्या गृहस्थांचें नांव खालिद जमील. त्यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजीं कुवेत येथें एका पंजाबी भारतीय कुटुंबांत झाला. बालपण त्या वाळवंटी देशांत गेलें. पुढें कुटुंब मुंबईस आलें, आणि मुंबई हीच त्यांची कर्मभूमि झाली. मधल्या फळींत खेळणारा खेळाडू म्हणून त्यांनीं महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया ह्या मुंबईच्या नामांकित संघांतून नांव मिळविलें, आणि भारताच्या संघांतूनही ते खेळले. परंतु खेळाडूचें आयुष्य फार थोडें. वकील साठाव्या वर्षीं मुरतो, वैद्य सत्तराव्या वर्षीं पूज्य होतो. खेळाडू मात्र तिशी ओलांडतां ओलांडतां म्हातारा ठरतो. त्यांत दुखापतींनीं घेरलें म्हणजे तर बोलावयासच नको. जमील यांचेंही तसेंच झालें. २००७ मध्यें ते नव्यानें निघालेल्या मुंबई एफ. सी. नामक क्लबांत आले, तेव्हां पायांनीं साथ सोडली होती.

येथें पुष्कळांचीं आयुष्यें थांबतात. एके काळचा नामांकित खेळाडू पुढें कोठल्याशा कचेरींत टेबलाशीं बसून जुन्या सामन्यांच्या आठवणी सांगतो, असें चित्र आपण पाहतोंच. जमील यांनीं दुसरा मार्ग धरला. २००९ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, ते त्याच क्लबाचे मुख्य प्रशिक्षक झाले. काल ज्यांच्या खांद्याला खांदा लावून सराव केला त्यांचेच गुरु! ज्यानें मास्तरकी केली आहे त्यास ह्यांतील अडचण सांगावयास नको. आपल्याहून दोनचार वर्षांनीं लहान असलेल्या विद्यार्थ्यांपुढें प्रथम खडू हातांत घेतांना जी थरथर होते, ती आयुष्यभर आठवते.

ह्या क्लबाजवळ फारसा पैसा नव्हता. मोठ्या क्लबांनीं नांवाजलेले परदेशी खेळाडू आणावेत, आणि ह्यांनीं उरल्यासुरल्यांवर भागवावें. राष्ट्रीय साखळी स्पर्धेंत तळाच्या संघास खालच्या वर्गांत उतरावें लागतें. तें संकट दरवर्षीं दारांत उभें राही, आणि दरवर्षीं जमील तें परतवीत. सुमारें सात वर्षें हा क्रम चालला. ह्यांत अजिंक्यपदाचा डंका नाहीं, हार नाहींत, मिरवणूक नाहीं. गरीब संसार नेटका चालविणाऱ्या गृहिणीची जी कीर्ति, तीच ह्या कामाची कीर्ति: घरांत कोणी उपाशी झोंपलें नाहीं, ही! २०१६ मध्यें मुंबईशीं असलेला त्यांचा हा संबंध संपला, आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं ह्या माणसाची खरी पदयात्रा सुरू झाली.

* * *

मिझोरम हें आपल्या देशाच्या ईशान्य टोंकाचें डोंगराळ राज्य. ऐझॉल ही त्याची राजधानी. तेथील ऐझॉल एफ. सी. हा क्लब २०१५-१६ च्या हंगामांत राष्ट्रीय साखळींतून खालीं घसरला होता. परंतु गोव्याच्या कांहीं क्लबांनीं स्पर्धेंतून अंग काढून घेतल्यामुळें जागा रिकामी झाली, आणि त्यास पुन्हां प्रवेश मिळाला. नापास झालेल्या मुलास वर्गांत जागा आहे म्हणून पुढें बसवावें, त्यांतलाच हा प्रकार. त्या मुलाचे शिक्षक म्हणून जमील यांची नेमणूक झाली.

ते एकटे गेले नाहींत. मुंबईंत त्यांच्या हाताखालीं तयार झालेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे तरुण त्यांच्या मागोमाग त्या डोंगरांत गेले. शिष्य गुरूच्या मागें दुसऱ्या गांवीं जातो, ह्याहून गुरूला मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें? सीरियाचा महमूद अल अम्ना, लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, गोव्याचा गोलरक्षक आल्बिनो गोम्स, आणि बाकी मिझो मुलें, अशी ती मंडळी. कोणाची भाषा कोणाला पुरती कळत नसेल. परंतु चेंडूची भाषा सर्वांस एकच.

साखळी स्पर्धेची रीत अशी असते कीं, प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशीं दोनदां खेळतो, एकदां आपल्या घरीं व एकदां त्याच्या घरीं. विजयास तीन गुण, बरोबरीस एक, पराभवास शून्य. दहा संघ, म्हणून प्रत्येकाचे अठरा सामने. २२ एप्रिल २०१७ रोजीं, सतरावा सामना खेळावयास कलकत्त्याचा मोहन बागान हा शतकाहून जुना, वैभवशाली संघ ऐझॉलला आला. दोघांचे गुण तेव्हां सारखे होते. त्र्याऐंशीव्या मिनिटास झोमिंगलियाना राल्टे ह्या मिझो बचावपटूनें डोक्यानें चेंडू जाळ्यांत घातला, आणि ऐझॉल १-० नें जिंकलें. आतां शेवटच्या सामन्यांत नुसती बरोबरी पुरेशी होती. ३० एप्रिल रोजीं शिलाँग येथें नवव्याच मिनिटास प्रतिपक्षाचा गोल झाला. पुढचा तासभर त्या संघानें व त्याच्या गुरूनें कसा काढला असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. सदुसष्टाव्या मिनिटास विल्यम लालनुनफेला यानें बरोबरी साधली. ऐझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतांतील संघानें देशाचें पहिल्या दर्जाचें साखळी-अजिंक्यपद मिळविण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. आदल्या वर्षीं नापास झालेला मुलगा देशांत पहिला आला!

आणि त्याच हंगामांत मुंबई एफ. सी. तळाला जाऊन खालच्या वर्गांत उतरली. सात वर्षें ज्या घराचें छप्पर ह्या माणसानें आपल्या खांद्यावर तोललें होतें, तो बाहेर पडतांच तें पहिल्याच पावसाळ्यांत बसलें. गुरु काय करतो हें पुष्कळदां तो गेल्यावरच दिसतें.

* * *

पुढची हकीकत म्हणजे एक भूगोलाचा धडाच आहे. २०१७ मध्यें जमील कलकत्त्यास ईस्ट बेंगॉल क्लबाकडे गेले. अल अम्नाही त्यांच्या मागून तेथें गेला. साखळींत चौथा क्रमांक आला. लहान गांवीं ज्याला चौथें येणें म्हणजे दिवाळी, मोठ्या घरीं तोच चौथा क्रमांक सुतक ठरतो. वर्षअखेरीस तो संबंध सुटला. २०१९ च्या आरंभीं त्याच शहरांतील प्रतिस्पर्धी मोहन बागाननें त्यांस उरलेल्या हंगामापुरतें बोलाविलें. तेथून गोहत्तीस, नॉर्थईस्ट युनायटेड ह्या संघांत. तेथें मात्र मुख्य गुरूचें आसन परदेशी प्रशिक्षकांचें, जमील साहाय्यक. दुसऱ्याच्या हाताखालीं काम करावयाचें, आणि गाडी घसरली म्हणजे मालकानें लगाम तात्पुरता ह्यांच्या हातीं द्यावयाचा, असें दोनदां झालें. दुसऱ्या वेळीं, जानेवारी २०२१ मध्यें, लगाम हातीं आल्यावर साखळींतील उरलेल्या एकाही सामन्यांत संघ हरला नाहीं, आणि उपांत्य फेरीपर्यंत पोंचला. इंडियन सुपर लीग ह्या नव्या, धनाढ्य स्पर्धेंत भारतीय प्रशिक्षकानें संघास तेथवर नेण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्याच वर्षीं त्यांस कायमचें मुख्य प्रशिक्षकपद मिळालें. हाही मान भारतीयास प्रथमच मिळत होता.

आणि पुढच्याच हंगामांत तो संघ दहाव्या क्रमांकावर गेला! माझ्या नातवानें येथें लेखणी थांबवून विचारलें, "माणूस तोच ना, आजोबा?" मीं म्हटलें, "माणूस तोच. शेतकरीही दरवर्षीं तोच असतो, बाळ." आमच्या तालुक्यांत संत्र्याचे बगीचे आहेत. मृग बहार धरण्यासाठीं झाडांस ताण कसा द्यावा, पाणी केव्हां तोडावें, हें सारें जाणणारा बागवानसुद्धां एखाद्या वर्षीं आभाळाकडे पाहत बसतो. त्याला कोणी बागेंतून हाकलून देत नाहीं.

२०२३ मध्यें बंगळूर युनायटेड, आणि त्या वर्षाच्या अखेरीस जमशेदपूर, असा प्रवास पुढें चालला. जमशेदपूरचा संघ त्यांनीं २०२४-२५ मध्यें उपांत्य फेरीपर्यंत नेला. मे २०२५ मध्यें सुपर चषकाच्या अंतिम सामन्यांत मात्र गोव्याच्या संघानें ३-० नें हार दिली. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशा लागोपाठ दोन वर्षांत अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें त्यांस वर्षांतील उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून गौरविलें. आणि १ ऑगस्ट २०२५ रोजीं भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचें नांव जाहीर झालें. गोव्याचे सावियो मेदेरा यांच्यानंतर, म्हणजे २०१२ नंतर, ह्या आसनावर भारतीय माणूस बसला नव्हता.

गोव्याचा उल्लेख आला म्हणून सांगतों. तेथील आर्मांदो कुलासो यांनीं एकट्या डेंपो क्लबास पांच राष्ट्रीय साखळी-अजिंक्यपदें मिळवून दिलीं. एकाच अंगणांत वर्षानुवर्षें राहून वृक्ष वाढविणारे ते गृहस्थाश्रमी गुरु. जमील हे परिव्राजक. ज्या गांवीं भिक्षा मिळेल तेथें पाठ सांगावयाचा, आणि गांवानें निरोप दिला कीं झोळी उचलावयाची. दोन्ही मार्ग वंद्य आहेत. परंतु दुसरा अधिक कठीण, कारण त्यांत लावलेल्या झाडाचीं फळें पाहण्याची हमी नसते.

राष्ट्रीय संघाचें काम हातीं आल्यावर महिनाभरांतच ताजिकिस्तानांतील हिसोर येथें मध्य आशियाई देशांची स्पर्धा झाली. २९ ऑगस्ट रोजीं भारतानें यजमान ताजिकिस्तानास २-१ नें हरविलें. इराणकडून ३-० नें हार खाल्ली. अफगाणिस्तानाशीं बरोबरी केली. आणि ८ सप्टेंबर रोजीं ओमानशीं १-१ अशी बरोबरी झाल्यावर पेनल्टींच्या फेरींत ३-२ नें जिंकून तिसरा क्रमांक मिळविला. लोकांनीं जयजयकार केला. ९ ऑक्टोबर रोजीं सिंगापुरांत दहा खेळाडूंनिशीं झुंजून शेवटच्या क्षणीं बरोबरी साधली, तेव्हांही केला. पांच दिवसांनीं फातोर्ड्यास पराभव झाला, आणि माझ्या नातवासह कित्येकांनीं "काढा" म्हटलें. वस्तुतः पहिल्या दोन सामन्यांत एकच गुण मिळालेला तो हिशेब जमील यांच्या हातीं आला होता, आणि ते पहिले दोन सामने त्यांच्या पूर्वीच्या प्रशिक्षकाच्या कारकीर्दींतले होते. वहीचीं पहिलीं पानें दुसऱ्यानें लिहिलेलीं, आणि बेरीज चुकली म्हणून ठपका शेवटच्यावर! १८ नोव्हेंबर रोजीं ढाक्यास बांगलादेशाकडून १-० नें आणखी एक हार झाली. तीस मात्र कोणतीही सबब सांगतां येत नाहीं, आणि मी सांगतही नाहीं.

* * *

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकांत गणदास आणि हरदत्त ह्या दोन नाट्याचार्यांमध्यें श्रेष्ठ कोण, असा वाद लागतो. निवाड्याचें काम पंडिता कौशिकी ह्या परिव्राजिकेकडे येतें, आणि परीक्षा आचार्यांची न घेतां त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून घ्यावी असें ठरतें. संस्कृत शिकवितांना हा प्रवेश मीं अनेक वेळां समजावून दिला. परंतु त्यांतील क्रौर्य मला निवृत्त झाल्यावर कळलें. गुरूनें रंगभूमीवर पाऊल टाकावयाचें नाहीं. फुटबॉलांतही प्रशिक्षकास मैदानाच्या रेषेआंत जाण्याची मुभा नसते. महिनाभर शिकवावें, अकरा मुलें निवडावीं, कोण कोठें उभा राहील तें ठरवावें, आणि मग नव्वद मिनिटें चुन्याच्या रेषेबाहेर उभें राहून पाहावें. परीक्षेच्या दालनाबाहेर आपलें लेंकरूं काय लिहीत असेल ह्या काळजीनें फेऱ्या घालणारा बाप, आणि हा मनुष्य, ह्यांच्यांत मला फरक दिसत नाहीं. शिष्याच्या अंगावरून गुरूची परीक्षा व्हावी हें खरें. पण ती एका संध्याकाळीं व्हावी काय, हा प्रश्न उरतोच.

ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासांत आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे व्यवसायानें शाळामास्तर. १९५० पासून त्यांजकडे भारतीय संघाचें शिक्षण होतें. १९५१ मध्यें दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत भारतानें सुवर्णपदक जिंकलें. पण पुढच्याच वर्षीं, १९५२ सालीं, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें युगोस्लाव्हियानें आपला १०-१ असा धुव्वा उडविला! आपले कित्येक खेळाडू त्या थंडींत अनवाणी खेळले होते. दहा गोल! आज असें झालें तर काय होईल, हें नातवानें मला सांगितलें. तें येथें लिहीत नाहीं. रहीमसाहेब मात्र पदावर राहिले. बूट घालून खेळण्याची शिस्त संघास लागली. १९५६ मध्यें मेलबोर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारत चौथा आला. आणि १९६२ मध्यें जकार्ता येथें दक्षिण कोरियास २-१ नें हरवून पुन्हां आशियाचें सुवर्णपदक मिळविलें. त्या वेळीं रहीमसाहेबांस कर्करोगानें ग्रासलें होतें. पुढच्या जूनमध्यें ते निवर्तले. १९५२ मध्यें जर त्यांना "आधी काढलें" असतें, तर ही पुढची कथा सांगावयास शिल्लक राहिली नसती.

* * *

आतां माझा कबुलीजबाब.

तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मी ह्याच जिल्ह्यांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. तेथें एक तरुण ड्रिलमास्तर तात्पुरत्या जागेवर आले. आमच्या वऱ्हाडांत कबड्डी, खोखो, मल्लखांब यांची परंपरा मोठी. १९१४ मध्यें वैद्य बंधूंनीं स्थापिलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं थेट जर्मनीस जाऊन आपले खेळ दाखवून आलें होतें. परंतु फुटबॉल आमच्या बाजूस तसा परकाच. ह्या मास्तरांनीं तो मुलांस लावला. शाळेजवळ एकच चेंडू होता. त्याचें ब्लॅडर फुटलें कीं मास्तर स्वतः सायकलवाल्याकडे जाऊन पंक्चर काढून आणीत. जिनिंगच्या मोकळ्या आवारांत, सरकी उचलली गेल्यानंतरच्या दिवसांत, पहांटे साडेपांचास सराव चाले. दोन वर्षांत त्यांचा संघ जिल्ह्याच्या सामन्यापर्यंत पोंचला.

त्या संघाचा गोलरक्षक आणि पुढच्या फळींतील उत्तम मुलगा, हे दोघे माझे संस्कृतचे विद्यार्थी होते. सामन्याच्या आधीं आठ दिवस मीं त्यांना पहांटेच्या सरावास जाऊं दिलें नाहीं. एका बाहेरच्या परीक्षेची तयारी करून घेण्यासाठीं पहांटेच घरीं बोलाविलें. मास्तर माझ्या दारीं आले. म्हणाले, "गुरुजी, चार दिवस तरी द्या." मीं दिले नाहींत. चेंडूला लाथ मारणें आणि धातुरूपें पाठ करणें यांची तुलनाच होऊं शकत नाहीं, अशी माझी त्या वेळीं पक्की समजूत होती. सामना ३-० नें गेला. पुढें सभेंत एक सभासद म्हणाले, "ह्या मास्तराला आधीं काढा; नसते नाद लावून ठेवले." मी तेथें होतों. ड्रिलमास्तरही होते. त्यांनीं त्या दोन मुलांचें नांव काढलें नाहीं, माझें नांव काढलें नाहीं. आणि मींही तोंड उघडलें नाहीं. उन्हाळ्यांत त्यांची नेमणूक पुढें चालू ठेवण्यांत आली नाहीं. चेंडू कपाटांत गेला. कपाटास कुलूप लागलें.

बऱ्याच वर्षांनीं परतवाड्याच्या बसस्थानकावर ते मला भेटले. केंस पिकले होते. पांच शाळा झाल्या होत्या, असें म्हणाले. मला वाटलें, आतां कांहीं बोलतील. त्यांनीं विचारलें, "त्या दोघांचं संस्कृत कसं झालं, गुरुजी?"

"दोघेही पास झाले," मीं सांगितलें.

"मग बरं झालं," ते म्हणाले. त्यांची गाडी लागली आणि ते गेले. क्षमा मागण्याचें वाक्य मीं मनांत जुळवीत होतों. संस्कृतच्या मास्तरास मराठींत एक वाक्य वेळेवर जुळलें नाहीं.

* * *

वाचकहो, हें सर्व सांगण्याचें प्रयोजन केवळ पश्चात्ताप नव्हे. आपल्या घरांतून मुलांच्या खेळाकडे आतां पूर्वींसारखें तुच्छतेनें पाहत नाहींत. बूट, चेंडू, शिबिराची फी, सारें मुकाट्यानें देतात. परंतु खेळ शिकविणाऱ्या माणसाकडे मात्र अजूनही आपण कारकून-चपराशी यांच्या मधल्या कोठल्याशा पायरीवरचा मनुष्य म्हणून पाहतों. मुलाच्या गणिताच्या मास्तरांचें नांव घरांतील आजीपर्यंत सर्वांस ठाऊक असतें. खेळाच्या मास्तरांचें नांव बापासही सांगतां येत नाहीं. जिंकलें तर मुलगा हुशार, हरलें तर मास्तर नालायक, हा आपला न्याय.

हा धंदा आतां ऐऱ्यागैऱ्याचा राहिलेला नाहीं. फुटबॉल शिकवूं इच्छिणाऱ्यास आशियाई महासंघाच्या पायऱ्या चढाव्या लागतात: 'डी', 'सी', 'बी', 'ए' आणि शेवटीं 'प्रो'. प्रत्येक पायरीस अभ्यास, प्रत्यक्ष पाठ आणि परीक्षा. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडासंस्थेंत इतर खेळांच्या प्रशिक्षकांसही पदविका मिळते. अमरावतीस तर शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय अगदीं आपल्या उंबऱ्याशीं आहे. मार्ग आहे, पण तो गादीवर बसून चालण्याचा नव्हे. खालिद जमील यांचा प्रवास पाहिला म्हणजे हें ध्यानांत येतें. मुंबई, ऐझॉल, कलकत्ता, गोहत्ती, बंगळूर, जमशेदपूर: दर दोनचार वर्षांनीं नवें गांव, नवी भाषा, नवीं मुलें, आणि निरोपाचें पत्र केव्हां येईल ह्याचा भरंवसा नाहीं. ज्या घरास आपला मुलगा ह्या वाटेनें जावा असें वाटत असेल त्यानें हें आधींच समजून घ्यावें. आणि ज्या घराचा मुलगा अशा माणसाच्या हाताखालीं शिकत असेल त्यानें तर नक्कीच समजून घ्यावें.

माझ्या नातवाचें मत मीं बदललें, असा माझा दावा नाहीं. ढाक्याच्या पराभवानंतर तो बराच वेळ चिडला होता, आणि संघाची निवड चुकली असें त्यानें मला कागदावर अकरा नांवें मांडून दाखविलें. तें कदाचित् बरोबरही असेल. टीका करावी, टीकेवांचून कोणतीही विद्या वाढत नाहीं. परंतु "काढा" हा शब्द मात्र त्यानें त्या दिवशीं उच्चारला नाहीं.

त्या दिवाळींत आमच्या घरीं एक नवी गोष्ट झाली. पाडव्याला फराळासाठीं मीं नातवाच्या शाळेंतील खेळाच्या शिक्षकांस बोलावणें पाठविलें. इतक्या वर्षांत घरीं गणिताचे आले, इंग्रजीचे आले, संगीताचेही आले, खेळाचे पहिल्यांदाच. सूनबाईंनीं अनारसे वाढले. गृहस्थ संकोचानें खुर्चीच्या कडेवर बसले होते. मीं त्यांस विचारलें, "शाळेंत चेंडू किती आहेत?"

"तीन आहेत, सर," ते म्हणाले. "एक गळतो."

तो गळणारा चेंडू आतां माझ्याकडे आहे. सायकलच्या दुकानीं त्याला ठिगळ बसत नाहीं, हल्लीं रचना निराळी असते, असें दुकानदारानें सांगितलें; म्हणून नवा आणावयास अमरावतीस जाणार आहें. नातू बरोबर येतो म्हणाला आहे.